दुसरा थेंब

(नळाखाली लहान मुलाचे हात)

सुई अजून पाकिटातच आहे, पण रक्तातल्या शिशाची चाचणी सुरू झाली आहे. फेस नखांच्या कडांपर्यंत पोचतोय ना, एवढंच आता बघायचं. जुन्या बॅटऱ्या फोडून जिथे शिसं वितळवतात, तिथली धूळ कपड्यांवरून, चपलांवरून घरात येते आणि मुलांच्या बोटांवर बसते.

चाचणीला रक्त लागतं ५० मायक्रोलिटर, म्हणजे एक थेंब. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था २०२१ पासून डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅमला सावध व्हायला सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ५ आहे. साडेतीनच्या पातळीला त्या थेंबात शिसं असतं जेमतेम पावणेदोन नॅनोग्रॅम. धुळीत १ टक्का शिसं धरा. मिठाच्या कणाच्या तीनशेव्या हिश्श्याएवढी धूळ बोटावर राहिली, तरी आकडा दुप्पट होतो.

म्हणून आई पदर पुढे करते तेव्हा तिला थांबवावं लागतं. हात हवेतच वाळू द्यायचे, मध्ये कशालाही लावायचे नाहीत. स्पिरिटच्या बोळ्यानं जंतू मरतात, शिसं जात नाही. धुण्याऐवजी नुसता बोळा फिरवणं ही शिबिरांतली नेहमीची चूक.

(बोटाचा क्लोजअप)

टोचायचं बोटाच्या टोकाशी, जरा बाजूला. पहिला थेंब कोरड्या गॉजनं टिपून टाकायचा. दुसरा थेंब फुगू द्यायचा आणि बारीक नळीचं टोक थेंबाला लावायचं, कातडीला नाही. बोट पिळायचं नाही. पिळलं की पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी रक्तात मिसळतं. नळी रेघेपर्यंत भरली पाहिजे, मध्ये बुडबुडा नको. बाहेरून पुसून ती लगेच चाचणीच्या रसायनाच्या बाटलीत रिकामी करायची आणि बाटली आठ-दहा वेळा उलटसुलट करायची. द्रव तपकिरी झाला म्हणजे रक्तपेशी फुटल्या, शिसं मोकळं झालं. त्यातले काही थेंब यंत्रातल्या पट्टीवर. तीन मिनिटांत आकडा.

यंत्रात पट्ट्यांच्या त्याच खोक्यातलं कॅलिब्रेशनचं, म्हणजे यंत्र त्या पट्ट्यांशी जुळवणारं बटण लावलेलं असावं. नवं खोकं उघडलं आणि बटण जुनंच राहिलं, तर सगळ्या दिवसाची मेहनत वाया.

आकडा जास्त आला, तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करायची. जांभळ्या टोपणाची बाटली, संपूर्ण रक्त. सवयीनं कुणी सीरम, म्हणजे पेशी काढून उरलेला द्रव, वेगळं काढून पाठवलं, तर अहवाल जवळपास कोरा येतो, कारण रक्तातलं ९५ टक्क्यांहून जास्त शिसं तांबड्या पेशींत असतं.

(प्रयोगशाळा; प्लाझ्माची, म्हणजे अतितप्त वायूची निळसर ज्योत)

हे आयसीपी-एमएस यंत्र. इथे शिशाचे अणू वजनावरून मोजले जातात. २०६, २०७ आणि २०८ वजनाचे अणू, या तिन्हींची बेरीज घ्यायची, कारण कुठल्या खाणीतलं शिसं आहे त्यावर त्यांचं आपसातलं प्रमाण बदलतं.

इकडे घरात, पिस्तुलासारखं दिसणारं, शिसं शोधणारं क्ष-किरण यंत्र भिंतीला टेकवलं जातं. दरवाजाचा रंग, काजळाची डबी, भांडी, हळद. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ९० भाग) जास्त नको, हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचे थर मात्र भिंतीवर तसेच आहेत.

शिसं मेंदूची वाढ खुंटवतं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. पातळी ४५ किंवा त्याहून वर गेली, तर मुलांना शिसं बाहेर काढणारी औषधं द्यावी लागतात.

अंगणवाडीतल्या मुलांची बोटं हिमोग्लोबिनसाठी टोचली जातातच. लोह कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषतं, म्हणजे दोन्ही चाचण्या खरं तर एकाच मुलाच्या आहेत. तरी दुसरी कुणी मागत नाही.

(यंत्राचा पडदा)

पडद्यावर ‘लो’ आलं. म्हणजे शून्य नव्हे, या यंत्राला दिसतं त्याहून कमी. रक्तातलं शिसं महिन्याभरात साधारण निम्म्यावर येतं, हाडांत गेलेलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. हा आकडा गेल्या काही आठवड्यांचा आहे. कार्डावर पुढची तारीख लिहिली जाते, आणि नळाखाली दुसरे हात येतात.