आराम द्या, म्हणजे नेमकं काय करा?

नमस्कार मंडळी.

आज सुरुवात माझ्याच एका चुकीनं करतो. काही वर्षांपूर्वी उदगीरकडच्या एका शेतकरी कुटुंबानं सात महिन्यांचं कारवानी जातीचं कुत्रं माझ्या जनावरांच्या दवाखान्यात आणलं. नाव मोत्या. उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता वाचला होता, पण मागच्या डाव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं होतं. आम्ही हाडात पिन टाकली, टाके घातले, आणि घरी सोडताना मी त्या घरातल्या तात्यांना म्हणालो, "आता याला आराम द्या."

तात्यांनी आराम दिला. गोठ्यात, गव्हाणीशेजारी, दोन हात साखळीवर, सलग दोन महिने. मोत्या परत आला तेव्हा एक्स-रेमध्ये हाड झकास जुळलेलं दिसत होतं, आणि पाय मात्र कामातून गेला होता. मांडी वाळून तुराटीसारखी झालेली. गुडघा वाकायलाच तयार नाही. पाय मागं काठीसारखा ताठ.

"डाक्टर, तुमीच म्हनलाव की आराम द्या म्हणून," तात्या म्हणाले.

खरंच होतं ते. मी जो शब्द वापरला त्याचा आपल्याकडं जो अर्थ होतो, तोच त्यांनी घेतला.

मोत्याच्या पायात काय झालं होतं, ते सांगतो. मांडीच्या पुढच्या बाजूला गुडघा सरळ करणारा एक मोठा स्नायू असतो. हाड मोडल्यावर तिथं रक्त साकळतं, हाड भरून यायला लागतं, आणि त्या भरावात हा स्नायू चिकटू शकतो. त्यात पिल्लू वाढीचं असेल आणि पाय सरळ ठेवून आवळून बांधलेला किंवा नुसता न हलवता ठेवलेला असेल, तर काही आठवड्यांतच स्नायू आखडून दोरीसारखा होतो. मग तो सुटणं फार अवघड. दुसरी गोष्ट सांध्याची. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कुर्चा असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणातूनच तिला पोषण मिळतं, आणि ते वंगण तिच्यात मुरायला सांधा हलावा लागतो. विहिरीवरची मोटर दोन पावसाळे बंद ठेवा आणि मग बटण दाबून बघा. तसंच हे.

तर कुत्र्याला आराम द्यायचा म्हणजे पळणं बंद, उड्या बंद, जिना बंद, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती बंद. हलणं बंद नाही. दिवसातून तीन-चार वेळा पट्टा धरून पाच-पाच मिनिटं चालवायचं, तेही अगदी सावकाश. सावकाश का, तर कुत्रं घाईत असलं की दुखरा पाय उचलून तीन पायांवर पळतं. हळू चाललं की चौथा पाय टेकवावाच लागतो. फिजिओथेरपीतला अर्धा व्यायाम या हळू चालण्यातच आहे.

कुत्र्याला फिजिओथेरपी म्हटलं की गावात लोक हसतात. "इथं माणसाला मिळंना, अन् कुत्र्याला कशाला?" त्यांचंही चूक नाही. मोठ्या शहरांत यासाठी काचेच्या टाकीत पाण्याखाली फिरणारा पट्टा असतो, त्यावर कुत्र्याला चालवतात. त्यामागचा हिशोब छान आहे. पाणी कुत्र्याच्या मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत असेल तर पायांवर ९१ टक्के वजन येतं, गुडघ्यापर्यंत असेल तर ८५, आणि खुब्यापर्यंत चढलं की फक्त ३८ टक्के. दुखऱ्या सांध्यावरचा भार पाण्यानं उचलला, की कुत्रं न घाबरता पाय टाकतं. पण आपण लातूरकर. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलो आपण. कुत्र्यासाठी टाकी भरा, असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

आणि हो, कुणी म्हणेल शेततळं आहे की आमच्याकडं. शेततळ्यात कुत्र्याला चुकूनही सोडू नका. त्या प्लॅस्टिकच्या कागदावर धडधाकट जनावराचे पाय ठरत नाहीत, तिथं लंगडं कुत्रं बाहेर कसं येणार?

आपल्याकडं काय आहे ते बघू. रान आहे, पऱ्हाट्या आहेत, ठिबकचे जुने पाईप आहेत. चार-पाच पाईप जमिनीवर एकेका पावलाच्या अंतरानं आडवे ठेवा आणि त्यावरून कुत्र्याला पट्ट्यानं हळू न्या. पाईपाला पाय लागू नये म्हणून ते प्रत्येक पाय नीट उचलतं, गुडघा वाकवतं, तोल सांभाळतं. आठवडाभरानं पाईप विटांवर ठेवून चार बोटं उंच करा. परदेशातून येणारं याचं तयार सामान मी पाहिलंय. रंगीत आहे, एवढंच. पऱ्हाट्या वापरणार असाल तर टोकं छाटून घ्या. मऊ नांगरटीतून चालणंही चांगलं, पण पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानात नको. आपल्या मातीचे गोळे पंजाला चिकटतात आणि पाय मणाचा होतो.

दुसरा व्यायाम ऊठ-बशीचा. कुत्र्याची दुखरी बाजू भिंतीला लावून त्याला बसवा, म्हणजे पाय बाहेर फेकता येत नाही. मग भाकरीचा तुकडा नाकासमोर वर धरा, ते उठेल. पाच वेळा, बस्स. तुकडा मात्र बोटाच्या पेराएवढाच ठेवा.

तिसरं काम तुमच्या हातांचं. कुत्रं चांगल्या बाजूवर आडवं निजवा. सांध्याच्या वर एक हात, खाली एक हात. सावकाश वाकवा, जिथं अडेल तिथं क्षणभर थांबा, सावकाश सरळ करा. दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. जोर लावायचा नाही. त्यानं मान वळवून तुमच्या हाताकडं बघितलं, ओठ चाटले, कान मागं घेतले, तर समजा दुखतंय. त्याच्या पुढं जाल तर घरचं कुत्रंही चावेल, आणि तो त्याचा दोष नाही. ऑपरेशन सांध्यावरच झालं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय हे सुरू करू नका.

शेकण्याबद्दल फार गोंधळ असतो. ताजी सूज असेल तर पहिले तीन दिवस थंड शेक. गावातल्या दुकानात बर्फाच्या कांड्या मिळतात, त्या सुती फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. गरम शेक नंतर, आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या आखडलेल्या सांध्यांना, विशेषतः थंडीतल्या सकाळी. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. किती व्यायाम पुरे, याची खूण सोपी आहे. दुसऱ्या दिवशी कुत्रं जास्त लंगडलं, तर कालचा व्यायाम जास्त झाला. निम्मा करा. उन्हाळ्यात सगळं सकाळी सातच्या आत किंवा अंधार पडल्यावर.

आता जरा कडक बोलतो. प्रत्येक लंगडणं मालिशनं बरं होत नाही. आज हा पाय, परवा तो पाय, सोबत ताप, अंगावर गोचीड, असं असेल तर गोचीड ताप असू शकतो. त्याला औषधच लागतं. मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे पडले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि लस न दिलेलं कुत्रं अचानक लुळं पडलं, लाळ गाळतंय, आवाज बदललाय, तर त्याच्या तोंडात हात घालू नका, घशात काही अडकलंय का म्हणून बघू नका. रेबीज असाही सुरू होतो. चावा, ओरखडा किंवा लाळेचा संपर्क झाला असेल तर जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच माणसांच्या दवाखान्यात जा.

घरातली दुखण्याची गोळी तर अजिबात नको. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड जातं. हे औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपत चालली म्हणून जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली, पण माणसाची गोळी अजून प्रत्येक घराच्या डब्यात असते आणि मायेपोटी ती कुत्र्याला दिली जाते.

कारवानीचा प्रश्न सहसा वजनाचा नसतो. त्याच्या अंगावर मांसच बेताचं. म्हणून आजारपणात त्याच्याखाली जाड गोधडी घाला आणि दर चार तासांनी कूस बदला, नाहीतर खुब्यावर जखमा होतात. (सशामागं सोडून कारवानीचे पाय मोडून आणणारेही माझ्याकडं येतात. १९७२च्या कायद्यानं ती शिकार गुन्हा आहे, एवढं बोलून पुढं जातो.) वजनाचा प्रश्न शहरातल्या लॅब्रॅडॉरचा. फ्लॅटमधली गुळगुळीत फरशी, दोन वेळा दूध, वर बिस्किटं, आणि वंशातून आलेला खुब्याचा दोष. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर चौदा-पंधरा वर्षं एक अभ्यास चालला, तो २००२ साली छापून आला. कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या; जोडीतल्या ज्यांना दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा खाणं कमी दिलं, ती कुत्री साधारण दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. फासळ्यांवरून हात फिरवा. दाबल्याशिवाय हाताला लागत नसतील तर वाढप कमी करा. आणि फरशीवर जुनं जाजम टाका.

दवाखान्यात येताना एक काम करा. कुत्रं समोरून, मागून आणि बाजूनं चालताना मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा. टेबलावर चढवलं की भीतीनं सगळी कुत्री सारखीच वागतात. घरीही बघता येतं. कुत्र्याच्या वजनाचा ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्यातला एखादा दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उडतं, आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. पुष्कळ लोक याच्या उलट समजतात आणि चांगल्याच पायाला मालिश करत बसतात.

मोत्याचं सांगायचं राहिलं. त्याचा पाय पूर्ण सुटला नाही. तीन महिने खटपट केली, गुडघा जेमतेम दोन बोटं वाकायला लागला. शेतात तो तीन पायांवर पळतो आणि चौथा कुबडीसारखा टेकवतो. तात्या माझ्यावर रागावले नाहीत, त्याचं मला जास्त लागलं.

पुढच्याच हिवाळ्यात अहमदपूरकडून तसंच मोडलेलं पिल्लू आलं, मांडीचंच हाड. या वेळी मी 'आराम' हा शब्दच काढला नाही. घरातल्या आजींना टेबलाशी बोलावलं, त्यांचा हात पिल्लाच्या गुडघ्यावर ठेवला, आणि दहा वेळा वाकवून घेतलं. आजींना लिहिता-वाचता येत नव्हतं. टाके काढायला आल्या तेव्हा त्यांच्या नातवानं मोबाइलवर फोटो दाखवला. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या, रोजच्या तीन. एका दिवशी दोनच होत्या. "त्या दिशी येळ अमावस्या होती," आजी म्हणाल्या, "समदे रानात गेलो होतो."

पिल्लू टेबलाखाली चारी पायांवर उभं होतं, आणि माझ्या बुटाची नाडी ओढत होतं.

नमस्कार.