सशाचा खाऊ, सांगलीतला

(दृश्य: तासगाव रस्ता. बेदाण्याचं शेड, जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं.)

उन्हाळ्याच्या तोंडाला तासगावच्या बाजूला निघालं, की रस्त्याकडेला बेदाण्याची शेडं भरलेली दिसतात. साधारण चार किलो द्राक्षं वाळतात तेव्हा किलोभर बेदाणा हाती येतो. पाणी उडून जातं, साखर मात्र सगळी मागं राहते. असा बेदाणा ज्या घरात डब्याडब्यानं असतो, तिथं पाळलेल्या सशाच्या तोंडी तो गेला नाही तरच नवल.

(दृश्य: विश्रामबागमधल्या घराची गॅलरी. पांढरा ससा, शेजारी आजी.)

"एका बेदाण्यानं काय होतंय गं?" आजींनी नातीला विचारलेला हा प्रश्न तसा रास्त आहे. एकानं काही होत नाही. पण येता-जाता आजी एक देतात, आजोबा एक, शेजारचं पोरगं दोन. ससा असतो जेमतेम दोन किलोचा.

त्याचं पोट घडलंय गवतासाठी. लहान आतडं संपतं तिथं एक मोठी पिशवी असते आणि तिच्यातले जिवाणू गवताचा चोथा आंबवून त्यातून सत्त्व काढतात. गोड किंवा पिठूळ जास्त गेलं की भलतेच जिवाणू माजतात, गॅस धरतो, आतडी मंदावतात. त्यात सशाला उलटी करता येत नाही. दातही जन्मभर वाढत राहतात, ते झिजतात गवत चावूनच. म्हणून वाळलेल्या गवताचा त्याच्या अंगाएवढा ढीग रोज समोर हवा. खाऊ त्यानंतर, आणि चिमूटभर.

फळ द्यायचं तर दोन किलोच्या सशाला चमचाभर, तेही रोज नको. द्राक्ष एकच द्या, बिनबियांचं आणि नीट धुतलेलं. बागेवर फवारण्या किती होतात हे सांगलीकरांना सांगायला नको. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली असेल तर लहानशी एक, वरच्या हिरव्या पानांसकट. सफरचंदाच्या बिया काढून टाका. आणि गाजर? चित्रातल्या सशांनी आपल्याला पार फसवलंय. गाजरही गोडच. पातळशी एक चकती पुरे.

(दृश्य: भाजी मंडई, सकाळ. गाजराच्या जुड्या.)

खरा खाऊ इथं आहे. गिऱ्हाईक गाजर घेतं आणि पाला पिरगाळून तिथंच टाकून जातं.

"मावशी, हा पाला नेऊ का?"

"न्या की! कुणाला हवाय तो?"

गाजराचा पाला, मुळ्याचा पाला, कोथिंबीर, पुदिना, घरच्या कुंडीतली तुळशीची चार पानं. पिशवीचा वास आला तरी ससा मागच्या पायांवर उभा राहतो. फक्त नवा पाला एका वेळी एकच, थोडासा. दुसऱ्या दिवशी लेंड्या पाहायच्या. पातळ झाल्या तर तो पाला बंद.

गोठ्यावर मिळणारी लसूणघास वाढत्या पिल्लाला चालते. मोठ्या सशाला मात्र रोज नको. तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं, जास्तीचं लघवीवाटे जातं आणि तिथं गाळ साचतो, खडे होतात.

कांदा, लसूण, चॉकलेट, बटाट्याचा नि टोमॅटोचा पाला अजिबात नको. अंगणातली कण्हेर, बांधावरची रुई आणि घाणेरी यांच्यापासून ससा लांबच ठेवा. बिस्किट, पोळीचा तुकडा, फुटाणे, शेंगदाणे हे आपले लाड, त्याचे नव्हेत. दुकानातल्या रंगीत दह्याच्या गोळ्या आणि मध लावलेल्या कांड्यांवर सशाचं चित्र असतं, एवढाच त्यांचा सशाशी संबंध.

जाता जाता एक. ऊसतोडीत सापडलेलं सशाचं पिल्लू पाळायला घरी आणू नका. तो रानातला ससा, वेगळा प्राणी आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. त्याला दूध-गाजर देत बसण्यापेक्षा तोडीपासून बाजूला, जवळच्याच झाडोऱ्यात ठेवा.

(दृश्य: रात्र. कोपऱ्यात अंग आखडून बसलेला ससा, समोर कोथिंबीर तशीच.)

आवडीची कोथिंबीर पुढ्यात असून ससा तोंड फिरवतोय, लेंड्या बारीक झाल्यात किंवा थांबल्यात, तर सकाळची वाट पाहू नका. दहा-बारा तासांचा उपास सशाच्या जिवावर बेततो. जनावरांच्या डॉक्टरांना लगेच फोन करा, आणि आदल्या दिवशी घरात कुणी काय काय भरवलं, ते काही न लपवता सांगा.