कातळाच्या पोटातलं हॉकीचं मैदान

मंडळी, नॉर्वेत म्योसा नावाचं एक लांबलचक सरोवर आहे, त्या देशातलं सर्वांत मोठं. त्याच्या पश्चिम काठावर योविक हे शहर वसलंय. शहर म्हणायचं एवढंच. आसपासची खेडी धरूनही वस्ती 30 हजारांच्या आतबाहेर. 1994च्या फेब्रुवारीत लिलहॅमरला हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा आइस हॉकीचे 16 सामने या योविकमध्ये खेळले गेले. शहराला लागूनच असलेल्या होव्डेटोप्पेन टेकडीच्या पोटात कोरलेल्या सभागृहात ते झाले. प्रेक्षक बसतात साडेपाच हजारांच्या आसपास.

आज मी मुख्यतः त्या छताबद्दल बोलणार आहे. आपण सगळे स्थापत्यवाले आहोत, तेव्हा आकडे आधी सांगतो. रुंदी सुमारे 61 मीटर, लांबी 91, उंची 25. मधे एकही खांब नाही. वर कातळाचं आच्छादन किती, तर फक्त 25 ते 50 मीटर. म्हणजे काही ठिकाणी गाळा, म्हणजे खांबाविना पेललेली छताची रुंदी, आच्छादनाच्या दुपटीहून मोठा! जलविद्युत केंद्रांसाठी कोरलेल्या गुहांची रुंदी सहसा 20-25 मीटर असते. आपल्या कोयनेचं पोफळीचं भूमिगत वीजगृह तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. त्या अनुभवावर वाढलेल्या माणसाला 61 मीटर ऐकून धडकीच भरते.

बरं, तिथला कातळ तरी एकसंध असेल? तोही नाही. जुना नाइस, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक आहे, पण सांध्यांनी, म्हणजे नैसर्गिक भेगांनी, भरलेला. मग हे छत उभं कशावर आहे? याचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. वरच्या कातळाच्या वजनाने येणारा उभा ताण, म्हणजे कातळातला दाब, तिथे जेमतेम 1 मेगापास्कलच्या (दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा किलोंच्या) घरात. आडवा ताण मोजला, तर तो 3 ते 5 मेगापास्कल भरला. इतक्या कमी खोलीवर एवढा आडवा ताण म्हणजे छतातले सगळे ठोकळे दोन्ही बाजूंनी आवळून धरलेले. दगडी कमानीत आपण जो दाब मुद्दाम निर्माण करतो, तो इथे भूगर्भानेच देऊन ठेवला होता. तो आधी मोजला आणि मग त्याच्या भरवशावर आराखडा केला, यात त्या अभियंत्यांचं खरं मोठेपण आहे.

आधाराला काय दिलं ते ऐका. पोलादी तंतू मिसळलेलं शॉटक्रीट, म्हणजे जोराने फवारलेलं काँक्रीट, 10 सेंटिमीटर. अडीच-अडीच मीटरवर सहा मीटर लांबीचे बोल्ट, म्हणजे कातळात भोक पाडून बसवलेल्या पोलादी सळ्या, आणि पाच-पाच मीटरवर बारा मीटरचे केबल बोल्ट, म्हणजे सळईऐवजी पोलादी तारांचे दोर. संपलं. काँक्रीटचं जाड अस्तर नाही. कातळाची प्रत ठरवण्यासाठी कातळ-अभियंता निक बार्टन आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये मांडलेली क्यू-पद्धत, म्हणजे कातळाला गुण देण्याची पद्धत, वापरली होती. तीच आपल्याकडच्या बोगद्यांतही वापरतात, म्हणून नाव सांगतोय.

खोदाई वरून खाली, टप्प्याटप्प्याने केली. आधी छताच्या भागात अरुंद बोगदा, तो दोन्ही अंगांनी रुंदावत न्यायचा, बोल्ट आणि शॉटक्रीट मारत पुढे सरकायचं आणि मग खालचे थर काढायचे. एकूण सुमारे 1 लाख 40 हजार घनमीटर कातळ निघाला, तोही वस्तीच्या इतक्या जवळ सुरुंग लावून. टेकडीच्या माथ्यावरून आणि आतूनही एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे कातळ किती सरकला ते मोजणारी उपकरणं, बसवलेले होते. संगणकी प्रतिमानाने भाकीत केलं होतं, छत 4 ते 9 मिलिमीटर खाली येईल. प्रत्यक्षात आलं 7 ते 8. एकसष्ट मीटरच्या गाळ्याला आठ मिलिमीटर! हा आकडा मी विद्यार्थ्यांना नेहमी फळ्यावर लिहायला लावतो.

बर्फाबद्दल थोडक्यात. मैदान 60 बाय 30 मीटरचं. काँक्रीटच्या थरात नळ्या असतात, त्यांतून शून्याखालचं द्रावण फिरतं आणि वर काही सेंटिमीटर बर्फ धरतो. शीतयंत्रणेवर बोजा पडतो तो आतल्या हवेच्या उष्णतेचा आणि दमटपणाचा. पत्र्याच्या छताखाली उन्हाळ्यात हा बोजा फार वाढतो. कातळ वर्षभर सात-आठ अंशांवर असतो, त्यामुळे उन्हाची झळ आत पोचतच नाही.

आणि जागेची निवड. गावाबाहेर मोकळ्यावर स्टेडियम बांधणं सोपं होतं. योविकने याआधी, सत्तरच्या दशकात, याच टेकडीत पोहण्याचा तलाव कोरला होता, त्यामुळे कातळाची ओळख होती. शिवाय बाजारपेठेतून चालत जाता येईल असं सभागृह ऑलिंपिकनंतरही लोक वापरणार. तसंच झालं. 1995 मध्ये तिथे शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची (बर्फावरच्या छोट्या धावपट्टीवरच्या शर्यतींची) जागतिक स्पर्धा झाली आणि 2016च्या युवा ऑलिंपिकचं शॉर्ट ट्रॅकही तिथेच. लहान शहराने मोठा खर्च करताना एवढा विचार केला, याचं मला मनापासून कौतुक आहे.

आपल्या बेसाल्टमध्ये असं होईल का, हे चहाच्या वेळी दोघांनी विचारलं. दख्खनचा कातळ थरांचा आहे. घट्ट बेसाल्ट, त्याखाली पोकळ्या भरलेला बेसाल्ट, मधे कुठे तांबड्या मातीचा मऊ पट्टा. असा पट्टा नेमका छतात आला तर 61 मीटर विसरायचे. आणि आडवा ताण किती आहे, ते त्या-त्या जागी भोक पाडून मोजल्याशिवाय मी गाळ्याचा आकडा सांगणार नाही.