उशिरा येणारं ध्रुवपद: गर्ल्स अलाउडची गाणी

नमस्कार मंडळी. आज ज्या पाच मुलींच्या गाण्यांबद्दल बोलायचंय, त्यांचा गट अख्ख्या ब्रिटनच्या डोळ्यांदेखत, टीव्हीवर जन्माला आला. २००२ साली आयटीव्ही वाहिनीवर 'पॉपस्टार्स: द रायव्हल्स' नावाचा कार्यक्रम चालू होता. प्रेक्षकांनी मतं द्यायची, त्यातून एक मुलींचा आणि एक मुलांचा गट निवडायचा, दोघांची पहिली गाणी एकाच दिवशी बाजारात आणायची आणि नाताळच्या आठवड्यात ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिला नंबर कोण पटकावतं ते बघायचं. ३० नोव्हेंबरला मुलींचा गट ठरला. शेरिल ट्वीडी, नदीन कॉइल, सारा हार्डिंग, निकोला रॉबर्ट्स आणि किंबर्ली वॉल्श. नाव ठेवलं गर्ल्स अलाउड. १६ डिसेंबरला त्यांचं 'साउंड ऑफ द अंडरग्राउंड' दुकानात आलं. मधे अवघे सोळा दिवस!

गाणं चार आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. मुलांचा 'वन ट्रू व्हॉइस' दुसऱ्या नंबरावर आला आणि वर्षभरात विस्कटला. टीव्हीवर जमवलेल्या गटाचं बहुतेक असंच होतं, लोक पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाकडे वळतात. या पाच जणींची मात्र ओळीने वीस सिंगल्स, म्हणजे सुटी विकली जाणारी गाणी, पहिल्या दहात आली आणि पाच स्टुडिओ अल्बम निघाले. मी ही गाणी गेली अठरा-एकोणीस वर्षं ऐकतेय आणि मला मनापासून वाटतं की ब्रिटिश पॉपमध्ये या शतकात इतकं धाडसी काम फार थोड्यांनी केलंय.

आधी आकडे बघू, कारण ते फसवे आहेत. गर्ल्स अलाउडची चार गाणी पहिल्या नंबरावर पोचली. पहिलं मघाशी सांगितलं ते. दुसरं २००४ चं 'आय'ल स्टँड बाय यू'. ते मूळ प्रिटेंडर्स या बँडचं, आणि इथे 'चिल्ड्रेन इन नीड' या मदतनिधीसाठी पुन्हा गायलेलं. तिसरं २००७ चं 'वॉक धिस वे', मूळ एरोस्मिथ या रॉक बँडचं, शुगाबेब्स या दुसऱ्या मुलींच्या गटाबरोबर 'कॉमिक रिलीफ'साठी केलेलं. चौथं २००८ चं 'द प्रॉमिस'. म्हणजे चारातली दोन मदतनिधीची, तीही दुसऱ्यांची गाणी. त्यांच्यासाठी मुद्दाम रचलेलं गाणं पहिल्या नंबरावर पोचलं ते एकदा २००२ मध्ये आणि मग एकदम २००८ मध्ये. मधली सहा वर्षं त्यांची खरी कमाई आहे, आणि पहिल्या नंबरांची यादी वाचून ती कळत नाही.

त्या सहा वर्षांत काय चाललं होतं, ते समजायला लंडनबाहेर केंटमधल्या वेस्टरहॅम गावात जावं लागतं. तिथे ब्रायन हिगिन्स आणि मिरांडा कूपर यांची झेनोमेनिया ही गीत-निर्मितीची मंडळी एका मोठ्या घरात काम करत. 'साउंड ऑफ द अंडरग्राउंड' हिगिन्स, कूपर आणि नियारा स्कार्लेट यांनी लिहिलेलं. ते आधी दुसऱ्याच एका मुलींच्या गटाने ध्वनिमुद्रित केलं होतं. तो गट पुढे आलाच नाही आणि गाणं पडून राहिलं. त्या पडून राहिलेल्या गाण्यातली सर्फ गिटार आणि तिच्याखाली धावणारा ड्रमचा ठेका ऐका. टीव्हीवरच्या स्पर्धेतून निघालेल्या गटाकडून असं काही येईल अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

झेनोमेनियाची पद्धत अशी: आधी ठेका आणि वाद्यांचा साचा तयार करायचा. मग त्यावर एक नाही, अनेक चाली बांधायच्या. कडव्यांसाठी वेगळ्या, ध्रुवपदांसाठी वेगळ्या. मुलींकडून तुकडे तुकडे गाऊन घ्यायचे आणि शेवटी त्यातले सगळ्यात जिवंत तुकडे शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. एका चालीतलं ध्रुवपद दुसऱ्या चालीच्या कडव्याला जोडायचं. आपल्याकडे गोधडी शिवतात ना, तशी. जुन्या लुगड्याचा तुकडा आणि नव्या छिटाचा तुकडा शेजारी लावायचा आणि रंग बोलतात की नाही ते बघायचं.

पहिल्या अल्बममध्ये हे अर्धवटच जमलंय. २००३ चा तो अल्बम दुसऱ्या नंबरावर गेला, पण त्यात हात अनेकांचे आहेत आणि भरतीची गाणीही बरीच आहेत. २००४ च्या 'व्हॉट विल द नेबर्स से?' पासून सगळं काम झेनोमेनियाकडे आलं आणि आवाज एकदम बदलला. त्यातलं 'लव्ह मशीन' जरूर ऐका. खडखडत पळणारी जुन्या वळणाची गिटार, आणि एकीच्या तोंडातली ओळ दुसरी झेलते. ते दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं. पुढे आर्क्टिक मंकीज या शेफील्डच्या रॉक बँडने रेडिओवर हेच गाणं गायलं. 'हे काय, मुलींचं पॉप' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनाही त्यानंतर ते कान देऊन ऐकावं लागलं.

आता मी ज्यासाठी खरं तर इथे आलेय तिकडे वळते. २००६ च्या सुरुवातीला माझ्या मावसबहिणीने लंडनहून एक सीडी पाठवली. अल्बमचं नाव 'केमिस्ट्री'. तो २००५ च्या डिसेंबरात आला होता आणि जेमतेम अकराव्या नंबरापर्यंत पोचला होता. त्यांच्या पाचही अल्बमांत सगळ्यात खालचा क्रमांक हाच. माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा अल्बमही हाच.

'केमिस्ट्री'त विशीतल्या मुलींचं लंडन आहे: प्रसिद्धी, पार्ट्या, पैसा, आणि पहाटे घरी परतताना येणारा एकटेपणा. 'स्विंगिंग लंडन टाउन' सुसाट सुटतं आणि मधेच सगळा वेग गळून पडतो. गाणारी मुलगी क्षणभर एकटीच उभी राहते, मग यंत्रं पुन्हा धडधडायला लागतात. सिंगल म्हणून ते कधी निघालंच नाही. सिंगल्सवरूनच गट ओळखणाऱ्यांना म्हणून मी सांगते, अल्बम पूर्ण ऐका.

या अल्बममधलं एक सिंगल म्हणजे 'बायोलॉजी'. ते चौथ्या नंबरापर्यंत गेलं. मी आता ते लावणार आहे, पण आधी एक सांगते. आपल्या कानाला मुखडा-अंतरा-मुखडा ही सवय आहे. भावगीत घ्या, सिनेमातलं गाणं घ्या, मुखडा आधी येतो, आपण त्याला ओळखतो आणि अंतऱ्यानंतर त्याची वाट बघतो. पाश्चात्य पॉपमध्येही ध्रुवपद मिनिटाच्या आत हजर लागतं, नाहीतर रेडिओवाले पुढचं गाणं लावतात. 'बायोलॉजी'त काय होतं ते बघा. सुरुवातीला ब्लूजच्या धाटणीचा एक ठसकेबाज तुकडा येतो. तुम्हाला वाटतं, झालं, हेच गाणं. तोच तो नाहीसा होतो आणि मऊ सिंथेसायझरवर एक वेगळीच, स्वप्नाळू चाल सुरू होते. ती संपते न संपते तोच तिसरी चाल तिच्या खांद्यावर चढते. प्रत्येक वेळी वाटतं की आलं ध्रुवपद, आणि ते येत नाही. खरं ध्रुवपद येतं ते जवळजवळ दोन मिनिटांनी. सगळं गाणं साडेतीन मिनिटांचं! आणि शेवटाकडे तो पहिला ब्लूजचा तुकडा परत येतो. ज्याला आपण प्रस्तावना समजून विसरलो होतो, तोच गाण्याचा उंबरठा होता हे तेव्हा कळतं. ऐका.

(इथे 'बायोलॉजी' वाजवण्यात आलं.)

तुमच्यापैकी काहींनी मान हलवली ती नेमकी त्या परत येण्यावर, मी बघत होते.

पुढचं जरा भराभर सांगते. २००६ च्या निवडक गाण्यांच्या संग्रहाने त्यांना अल्बमच्या यादीत पहिला नंबर मिळवून दिला. त्यातलं 'समथिंग काइंडा उउउउ' सीडी दुकानात येण्याआधीच, नुसत्या डाउनलोडवर, पहिल्या पाचात शिरलं. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. २००७ चा 'टँगल्ड अप' सगळा नाचाचा आहे, आणि त्यातलं 'कॉल द शॉट्स' नाचता नाचता डोळ्यांत पाणी आणतं.

मग २००८ चा 'आउट ऑफ कंट्रोल'. हा त्यांचा पहिल्या नंबरावर गेलेला एकमेव स्टुडिओ अल्बम. 'द प्रॉमिस' हे साठच्या दशकातल्या मुलींच्या गटांना केलेलं वंदन आहे: तुताऱ्या, भरघोस कोरस, सोनेरी पोशाख. २००९ मध्ये त्याला सर्वोत्तम ब्रिटिश सिंगलचा ब्रिट पुरस्कार मिळाला. मंचावर सारा हार्डिंग जोरात ओरडली, की आता वेळ झालीच होती. मला ते ओरडणं फार जवळचं वाटतं. सहा वर्षं राबल्यावर आलेलं ते बक्षीस होतं.

त्याच अल्बमचं तिसरं सिंगल 'अनटचेबल'. ते अकराव्या नंबरावर थांबलं आणि वीस सिंगल्सची ती साखळी तिथे तुटली. यानंतर गट थांबला, २०१२ मध्ये दहा वर्षांच्या निमित्ताने परत आला आणि २०१३ च्या मार्चमध्ये लिव्हरपूलच्या कार्यक्रमानंतर विसर्जित झाला. ५ सप्टेंबर २०२१ रोजी सारा स्तनांच्या कर्करोगाने गेली. एकोणचाळीस वर्षांची होती. २०२४ मध्ये उरलेल्या चौघी पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या, तेव्हा मागच्या पडद्यावर सारा होती.

साराचा आवाज या पाच जणींत सगळ्यात खरबरीत. नदीनचा आवाज उंच चढतो, निकोलाचा बारीक आणि दुखरा आहे. सारा मात्र सूर लावताना जणू दार ढकलून आत येते. चार आवाज गुळगुळीत चालले असताना तो पाचवा आला की गाण्याला अंग येतं. घरी गेल्यावर कुठलाही अल्बम लावा आणि फक्त तिच्या ओळी शोधा.

शेवटी 'अनटचेबल' लावते, अल्बममधलं, पूर्ण. रेडिओसाठी ते कापलं होतं. हे पावणेसात मिनिटांचं आहे, म्हणून मधे कुणी उठू नका. मध्यावर गाणं जवळजवळ विरून जातं, तिथे टाळ्या वाजवू नका, ते संपलेलं नसतं. दिवे थोडे कमी करता का? हं, एवढे पुरे.