डॉलरच्या खुणेचं खातं

(दृश्य: सांगलीचं मार्केट यार्ड, सकाळ. हळदीची पोती, हमालांची ये-जा.)

सौदे सुरू व्हायला अजून वेळ आहे, पण या अडत पेढीत आत्ताच खोळंबा झालाय. कालच्या पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबासाठी, शेतकरी बाकावर बसून आहेत आणि काउंटरवरचा कॉम्प्युटर तिथल्या ताईंना आत घेत नाही.

"दादा, पासवर्ड तोच आहे ओ. तीनदा टाकला," ताई इंजिनिअरला सांगतात.

अशा वेळी पहिला संशय माणसावर जातो. कॅप्स लॉक बघून झालं. ताईंना नवा पासवर्डही देऊन झाला. फरक शून्य.

(दृश्य: सर्व्हरचा स्क्रीन. नोंदी सरकतात.)

सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४७७१, म्हणजे ओळख न पटल्याची नोंद, एकाखाली एक. कारण: चुकीचा पासवर्ड. पण खात्याचं नाव नीट बघा. तिथं ताई नाहीतच. तिथं आहे काउंटरच्या कॉम्प्युटरचं नाव आणि शेवटी डॉलरची खूण.

ही खूण असली की खातं कॉम्प्युटरचं. विंडोजच्या डोमेनमध्ये, म्हणजे एका सर्व्हरखाली जोडलेल्या कॉम्प्युटरच्या गटात, प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा पासवर्ड असतो. तो कुणी ठरवत नाही, कुणाला दिसत नाही. साधारण दर ३० दिवसांनी कॉम्प्युटरच तो बदलतो आणि सर्व्हरला कळवतो. म्हणून दोन महिने बंद पडून असलेलं मशिनही बिनतक्रार जोडलं जातं. बदलणाराच झोपलेला, तर दोन्हीकडे जुनाच पासवर्ड राहतो.

इथं काय झालं? काल हार्ड डिस्क गेली, म्हणून चार महिन्यांपूर्वीचा बॅकअप चढवला. प्रिंटर, फाइली, सगळं परत आलं. सोबत मशिनचा चार महिन्यांपूर्वीचा पासवर्डही आला. सर्व्हरकडे मात्र त्यानंतर बदललेला पासवर्ड आहे.

(दृश्य: नेटवर्कची केबल काढणारा हात.)

केबल काढून ताई आपला जुना पासवर्ड टाकतात आणि आत जातात, कारण आता मशिन सर्व्हरला विचारतच नाही, स्वतःकडे जपलेल्या नोंदीवरून ताईंना ओळखतं. बिघाड ताईंच्या नाही, मशिनच्या पासवर्डात आहे, ही शंका इथंच फिटते.

डोमेनमधून काढून पुन्हा जोडायची अनेकांना सवय आहे. त्यानं काम होतं, पण एवढा व्याप कशाला? केबल परत लावायची, लोकल अॅडमिननं, म्हणजे त्या मशिनच्याच अॅडमिन खात्यानं, आत जायचं, पॉवरशेल या विंडोजच्या कमांड खिडकीत 'टेस्ट-कम्प्युटरसिक्युअरचॅनल' ही कमांड 'रिपेअर' आणि 'क्रेडेन्शियल' जोडून द्यायची आणि डोमेन अॅडमिनचा पासवर्ड भरायचा. खाली एकच शब्द उमटतो: ट्रू.

ताई आत गेल्या. पहिली पट्टी निघाली. इंजिनिअर नवा बॅकअप घेतोय, पण तोही महिन्याभरात असाच शिळा होणार. म्हणून ती कमांड त्यानं चिठ्ठीवर लिहिली आणि बॅकअपच्या डिस्कलाच चिकटवली.