खोली चौदाची बाकी

श्रोतेहो, नमस्कार.

स्थलांतरित, निर्वासित, आश्रयार्थी आणि विस्थापित हे शब्द आपण कधी कधी एकाच बातमीत ऐकतो आणि चारींचा अर्थ एकच असावा, असे समजून पुढे जातो. त्यांतला फरक मला आमच्या आजोबांच्या दुधाच्या वहीमुळे उमगला.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाशेजारी १९४३ साली सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी वसली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये त्यांना पूर्व पोलंडमधील घरांतून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले होते. तेथून सुटून, इराणमार्गे मजल दरमजल करीत, ती माणसे आपल्या करवीर संस्थानात पोहोचली. आजोबा त्या छावणीत दुधाचा रतीब घालत. दूध निर्भेळ असे, हे मुद्दाम सांगतो, कारण हल्लीच्या पिशवीतल्या दुधावर बोटभर सायही धरत नाही. गिऱ्हाइकांची नावे आजोबांच्या जिभेला वळत नसत, म्हणून वहीत नोंद असे ती एवढीच : 'पोलंड, खोली चौदा, अर्धा शेर.'

युद्ध संपले, छावणी हळूहळू रिकामी झाली आणि खोली चौदाची बाई एक रुपया सहा आणे बाकी ठेवून निघून गेली. काही महिन्यांनी आजोबा वही काखेत मारून वसुलीला गेले, तर दारात सिंध सोडून आलेले एक वृद्ध गृहस्थ उभे! फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी कुटुंबांना आसरा मिळाला होता. आजचे गांधीनगर ते हेच. आजोबांनी मोडक्या हिंदीत बाकी मागितली. गृहस्थांनी वही शांतपणे पाहिली, ती बाकी आपली नसल्याचे सांगितले आणि उद्यापासून एक शेर दूध घालण्यास सांगून आठवड्याचे पैसे आगाऊ मोजले. आजोबांनी नव्या पानावर 'सिंधी' असे लिहिले. खोलीचा क्रमांक तोच राहिला. पुढे त्या गृहस्थांनी कापडाचे दुकान काढले आणि आमच्या आत्याच्या लग्नाचे कापड आजोबांनी तेथूनच उधारीवर आणले. म्हणजे आता वही त्यांच्याकडे होती.

आजोबांच्या लेखी खोली चौदाचे दोन्ही बिऱ्हाडकरू निर्वासितच होते. कायद्याच्या लेखी मात्र तसे नाही. १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी साधार भीती असल्याने जो स्वदेशाबाहेर आहे आणि परतू शकत नाही, तो निर्वासित. पुन्हा सांगतो : छळाची भीती हवी आणि माणूस स्वदेशाबाहेर हवा. भारताने या करारावर सही केलेली नाही, ही गोष्ट वेगळी. ते सिंधी गृहस्थ सीमा ओलांडून आले खरे, पण ज्या देशात आले त्याचेच नागरिक झाले. म्हणून भरपाई आणि पुनर्वसनाच्या १९५४ च्या कायद्याने अशा लोकांना 'विस्थापित' म्हटले. आपल्याकडे हा शब्द धरणग्रस्तांनाही लावतात, आणि तेही योग्यच आहे, कारण त्यांचे घर जाते, देश जात नाही.

आश्रयार्थी म्हणजे ज्याने दुसऱ्या देशाकडे आसरा मागितला आहे आणि ज्याच्या अर्जाचा निकाल अजून लागायचा आहे. निर्वासित या शब्दात मागे सुटलेले घर आहे, आश्रयार्थी या शब्दात पुढचे दार आहे. स्थलांतरित हा सर्वांत ऐसपैस शब्द. नोकरीसाठी दुबईला गेलेला आपला शेजारी त्यात बसतो. तो भारताचाच पासपोर्ट बाळगून असेल, तर अनिवासी भारतीय. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या पुतण्यालाही आपण कौतुकाने तेच म्हणतो, पण ते चूक आहे, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही.

मग ती पोलिश बाई कोण? सायबेरियात ती हद्दपार होती, वळिवड्यात निर्वासित. तिचे गाव युद्धानंतर सोव्हिएत हद्दीत गेले. छावणीतले कितीतरी लोक पुढे ब्रिटनमध्ये स्थायिक झाले. तीही तिकडे गेली असेल, तर तिथल्या शेजाऱ्यांनी तिला आणखी निराळा शब्द लावला असेल. आमच्या वहीत ती अजून 'पोलंड, खोली चौदा' अशीच आहे, आणि पुढे एक रुपया सहा आणे बाकी.