बकध्यान

नमस्कार श्रोतेहो.

बकध्यान हा शब्द आपण टोमणा म्हणूनच वापरतो. डोळे मिटून जप करायचा आणि मासा टप्प्यात आला की गट्टम. गेली काही वर्षं मी पाणथळीच्या राखीव क्षेत्रांत कॅमेरा घेऊन बसते आहे, आणि माझी खात्री झाली आहे की या शब्दात बगळ्यावर अन्याय झालाय.

एका पायावर निश्चल उभा असलेला बगळा बहुधा शिकार करतच नसतो, विसावा घेत असतो. त्याच्या उघड्या पायांतून अंगातली ऊब निसटते, म्हणून एक पाय त्याने पिसांत ओढून घेतलेला असतो. थंड पाण्यात तासन्‌तास उभं राहणं कसं जमतं? पायातल्या धमन्या आणि शिरा एकमेकींना खेटून असतात. खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला आपली ऊब वाटेतच देऊन टाकतं. आणि हो, मागे दुमडणारा त्याचा तो गुडघा म्हणजे खरं तर घोटा! गुडघा वर पोटाच्या पिसांत लपलेला असतो.

शिकार करताना तोच बगळा बघा. छोट्या बगळ्याचे पाय काळे आणि बोटं पिवळीधमक. एक पाय पुढे टाकून तो गाळात थरथरवतो, दडलेला जीव हलतो आणि मान सुटते. यात ढोंग कुठे आलं? घाम गाळून केलेली मजुरी आहे ती.

माझा खरा जीव मात्र चिखलातल्या लहान मंडळींवर. चिखल्या आणि तुतवार शेजारी शेजारी चरताना दिसले तर दोघांची चाल बघा. चिखल्याचे डोळे टपोरे, चोच आखूड. तुरुतुरु धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. तो बघून खातो. तुतवारांच्या कुळातले पुष्कळ पक्षी चाचपून खातात. शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात खालीवर चालते, कारण चोचीच्या टोकाशी स्पर्श जाणणारी सूक्ष्म इंद्रियं दाटीने बसलेली असतात.

रेड नॉट नावाच्या पक्ष्याची तर कमालच. नेदरलँड्सचे पक्षी-अभ्यासक थेउनिस पीर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली दाखवून दिलं की ओल्या वाळूत चोच खुपसली की वाळूच्या कणांमधलं पाणी दाबलं जातं, जवळ कठीण शिंपला असेल तर तो दाब वेगळा जाणवतो, आणि शिंपल्याला चोच न लागताच पक्ष्याला तो सापडतो. चोच लांब असलेल्या मलगुजाला म्हणजे गॉडविटला, आणि कोरल म्हणजे कर्ल्यूलाही, चोचीचं फक्त टोक उघडता येतं. बाकी चोच मिटलेलीच. चिखलात रुतलेला आख्खा चिमटा उघडायला किती जोर लागेल, विचार करा.

म्हणजे या पक्ष्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम जमिनीखाली चालतं, आणि कॅमेऱ्याला ते कधीच दिसत नाही. आपल्या हाती लागतात ते आधीचे आणि नंतरचे क्षण. चोचीत लोंबणारा किडा, टोकावरचा चिखल, चोच धुताना उडालेला थेंब. असा थेंब गोठवायचा तर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकं तरी जलद ठेवावं.

आता रेडिओवर फोटो दाखवायची सोय नाही, तेव्हा तो कसा मिळतो एवढंच सांगते. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्षी वरून चेपल्यासारखा दिसतो, मागे नुसता चिखल. पोटावर आडवं व्हा, लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणा, की मागचं सगळं धूसर होऊन पक्षी एकदम मोठा होतो. कपड्यांचा मोह सोडावा लागतो, हे आलंच. गडद पाण्यापुढे पांढरा बगळा असेल तर कॅमेरा फसतो. अंधार आहे समजून तो प्रकाश वाढवतो आणि बगळ्याच्या पिसांचा नुसता चुना होतो. अशा वेळी एक्स्पोजर एखादा स्टॉप खाली ओढायचं, म्हणजे प्रकाश निम्मा करायचा.

जागा निवडणं हे याहून मोठं काम. पाणथळ खाडीकाठची असेल तर भरतीचं वेळापत्रक आधी बघा. ओहोटीला पक्षी दूरवर पांगलेले असतात. भरती चढू लागली की चिखल आक्रसतो आणि पाणीच त्यांना काठाकडे ढकलत आणतं. सूर्य पाठीशी घेऊन, परवानगी असलेल्या जागी, तासभर आधी बसून राहायचं. पुढे सरकायचं नाही.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. पहिल्या वर्षी मी रांगत पक्ष्यांचा पाठलाग करायची. एकदा मलगुजांच्या थव्याकडे अशीच सरकत होते. चरणं थांबलं, माना ताठ झाल्या, एक-दोघे चालू लागले. तरी मी अजून दोन हात पुढे गेले आणि थवा उठला. उडणाऱ्या थव्याचे फोटो झकास आले. कितीतरी दिवस ते मी कौतुकाने दाखवत होते.

मग त्या कुळातल्या एका पक्ष्याबद्दल वाचलं. पट्टेरी शेपटीचा मलगुजा, जेमतेम पाच महिन्यांचा. ऑक्टोबर 2022 मध्ये तो अलास्काहून निघाला आणि 11 दिवसांनी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात उतरला. 13,560 किलोमीटर, वाटेत कुठेही न थांबता. मलगुजा बदकासारखा समुद्रावर तरंगत विसावू शकत नाही. त्याचं इंधन म्हणजे चिखलातून टिपून टिपून साठवलेली चरबी. निघण्याआधी या पक्ष्यांचे पोटातले पचनाचे अवयवसुद्धा आकसतात, तेवढंच ओझं कमी! हे वाचल्यावर त्या झकास फोटोंकडे बघवेना. भरतीच्या आधीची मोजकी मिनिटं होती ती चरायची, आणि मी त्यांना उडवत होते.

म्हणून आता मी माना बघते. एक मान ताठ झाली की हात थांबतो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर अंडी किंवा पिल्लं जवळ असू शकतात. ती उघड्या जमिनीवर असतात आणि खड्यांत इतकी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. तिथून आल्या पावली मागे फिरायचं.

एक कामाची गोष्ट. फोटो मोठा करून पक्ष्याचे पाय तपासत जा. कधी रंगीत पट्टी दिसते, तिच्यावर अक्षरं असतात. कुठल्या देशात लावली, ते पट्ट्यांच्या रंगांवरून कळतं. तारीख आणि जागा लिहून पक्ष्यांच्या पायांत अशा खुणेच्या कड्या-पट्ट्या लावणाऱ्या संस्थेला कळवा. फोटो धूसर असला तरी चालतो, अक्षरं वाचता आली म्हणजे झालं.

परवाचंच सांगते. चढत्या भरतीला पालथी पडून होते. छोटे तुतवार चरत चरत माझ्याकडे येऊ लागले. दहा मीटर, सात, पाच. माझ्या लेन्सला साडेचार मीटरच्या आतलं टिपता येत नाही. कॅमेऱ्यात नुसते करडे ठिपके दिसायला लागले. मी बोट बटणावरून काढलं आणि तशीच पडून राहिले. ओल्या चिखलावर त्यांच्या पावलांचा आवाज येत होता. चट चट चट, मध्येच थांबून, पुन्हा चट चट.